बैलाडिलाला नोकरी लागली? किरंदुल-बचेलीत राहायला जाण्याआधी हे वाचा

विदर्भातली बरीच पोरं आयटीआय किंवा डिप्लोमा झाला की एनएमडीसीची (लोखंडाच्या खाणी चालवणारी केंद्र सरकारची कंपनी) जाहिरात बघून फॉर्म भरतात, पेपर देतात, आणि एक दिवस लेटर येतं: बैलाडिला आयर्न ओअर माइन, किरंदुल कॉम्प्लेक्स नाहीतर बचेली कॉम्प्लेक्स, जिल्हा दंतेवाडा, छत्तीसगड. घरात पहिला प्रश्न येतो की हे आहे कुठे, दुसरा येतो की तिथे नक्षलवादी असतात ना, आणि त्याच्या पुढचं सांगणारं कोणी भेटत नाही. मी चंद्रपूरकडचा, नोकरीची बरीच वर्षं तिकडे काढली, पोरं तिथेच शिकली, म्हणून जे माहीत असायला पाहिजे ते एका जागी लिहून ठेवतोय. ज्यांचं लेटर आलंय त्यांच्यासाठी तर आहेच, पण ज्यांना बायकापोरांना घेऊन जायचं की नाही हे ठरवायचंय त्यांनी जास्त नीट वाचा.

आधी जागा समजून घ्या

बैलाडिला म्हणजे एक डोंगर नाही, दक्षिण बस्तरमधली लांबच लांब डोंगररांग आहे, लांबून बैलाच्या वशिंडासारखी दिसते. वर माथ्याकडे लोखंडाच्या खनिजाचे चौदा साठे आहेत आणि त्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. डिपॉझिट १४ आणि ११सी किरंदुलकडे, डिपॉझिट ५ आणि १० बचेलीकडे. गावात कोणी विचारलं की कुठे लागलास, तर लोक पाच नंबर, चौदा नंबर असंच सांगतात. १९६० मध्ये जपानच्या स्टील कंपन्यांना खनिज द्यायचा करार झाला, त्यासाठी डोंगरातून विशाखापट्टणमपर्यंत रेल्वे टाकली, आणि १९६८ मध्ये चौदा नंबर सुरू झाली, १९७७ मध्ये पाच नंबर. म्हणजे आधी खाण ठरली, मग रेल्वे, आणि मग माणसं राहायला गाव.

हे सगळं सांगायचं कारण असं की या गावाचं तोंड रायपूरकडे नाही, समुद्राकडे आहे. माल विशाखापट्टणमला जातो, त्यामुळे बाजारात तेलुगू भरपूर ऐकू येते, सोबत ओडिया, बंगाली, हिंदी, आणि आजूबाजूच्या गावातून येणाऱ्या लोकांची गोंडी आणि हलबी. मराठी घरं असतात पण शोधावी लागतात. क्वार्टर, बाजार, शाळा, दवाखाना सगळं डोंगराच्या पायथ्याशी, आणि काम वर. वर आणि खाली हे दोन शब्द तुम्ही दिवसातून पन्नास वेळा वापराल.

फॉर्म भरतानाच बघायच्या गोष्टी

आपल्याकडच्या पोरांचं सगळ्यात जास्त नुकसान कागदावर होतं. केंद्र सरकारची कंपनी आहे, त्यामुळे जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. महाराष्ट्रातला व्हीजे-एनटी किंवा एसबीसी हा वेगळा गट केंद्रात नाही, तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेल तर ओबीसी म्हणून भरायचं आणि नॉन क्रीमी लेयर पण केंद्राच्याच फॉर्मॅटमध्ये काढायचं. एसईबीसीचं सर्टिफिकेट इथे चालत नाही. तहसीलमध्ये जाऊन सरळ सांगा की सेंट्रल फॉर्मॅट पाहिजे, नाहीतर ते सवयीने राज्याचाच दाखला हातात देतात आणि डॉक्युमेंट व्हेरिफिकेशनच्या दिवशी रडायची वेळ येते.

दुसरी गोष्ट चंद्रपूर-यवतमाळ-वणीच्या पोरांसाठी खास. आपल्याकडे सगळं वातावरण कोळशाचं, त्यामुळे मायनिंग सरदार, ओव्हरमन हे सर्टिफिकेट लोकांना तोंडपाठ असतात. पण ते कोळसा खाणीचे. लोखंडाची खाण मेटल माइनमध्ये येते, तिचे नियम वेगळे (मेटॅलिफेरस माइन्स रेग्युलेशन्स १९६१), आणि तिथे माइनिंग मेट, ब्लास्टर, फोरमन ही सर्टिफिकेट मागतात. कोळशाचं सर्टिफिकेट थेट नेऊन दाखवलं तर चालत नाही. डीजीएमएसचं (खाणींची सुरक्षा बघणारं केंद्राचं खातं) ऑफिस नागपूरला आहे, तिथे परीक्षेची चौकशी करा आणि फर्स्ट एडचं सर्टिफिकेट आधीच काढून ठेवा, ते लागतंच. नागपूरच्या सरकारी पॉलिटेक्निकमधून मायनिंग डिप्लोमा केला असेल त्यांनी तर शेवटच्या वर्षापासूनच फोरमनच्या परीक्षेचा विचार सुरू करावा, कारण नुसत्या डिप्लोमावर एका जागी अडकून बसलेली माणसं मी बघितलीयेत आणि डिप्लोमासोबत डीजीएमएसचं सर्टिफिकेट असलेली माणसं भराभर वर जातानाही बघितलीयेत.

आयटीआयवाल्यांना मेंटेनन्स असिस्टंटच्या जागा असतात, मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल. फील्ड अटेंडंट ही सगळ्यात खालची पोस्ट. लेखी परीक्षेनंतर पोस्टप्रमाणे फिजिकल किंवा ट्रेड टेस्ट असते, त्याला हसू नका, तयारी करा.

पोरींसाठी एक सांगतो. पूर्वी महिलांना खाणीत रात्री काम करता येत नव्हतं, २०१९ पासून ओपनकास्ट खाणीत महिलांची लेखी संमती असेल तर रात्रीच्या पाळीलाही परवानगी आहे. ही खाण ओपनकास्टच आहे. त्यामुळे 'मुलींना खाणीत कोण घेतं' हे काकालोकांचं बोलणं मनावर घेऊ नका, मेकॅनिकल-इलेक्ट्रिकल केलेल्या मुलींनी बिनधास्त फॉर्म भरा.

जायचं कसं

नागपूरहून सगळ्यात सरळ रस्ता म्हणजे ट्रेनने रायपूर आणि तिथून रात्रीची बस. बस धमतरी, कांकेर, मग केशकालचा घाट चढून कोंडागाव, जगदलपूर, गीदम, दंतेवाडा करत सकाळी बचेली-किरंदुलला सोडते. दंतेवाड्यापासून बचेली साधारण ३० किलोमीटर आणि तिथून किरंदुल अजून दहा-बारा. स्लीपर बस मिळते पण सामान जास्त असेल तर आधी बोलून घ्या.

गडचिरोलीच्या दक्षिण टोकाच्या लोकांना दुसरा रस्ता जवळ पडतो, सिरोंचाहून इंद्रावतीचा पूल ओलांडून भोपाळपटनम, बिजापूर, गीदम. नकाशावर बघून मोह होतो पण पहिल्यांदा जाताना, फॅमिली आणि सामान असताना, हा रस्ता घेऊ नका, आणि घेतलाच तर दिवसाउजेडी.

तिसरा रस्ता विशाखापट्टणमवरून रेल्वेने. कोत्तावलसा-किरंदुल लाईन ४४० किलोमीटरच्या वर आहे, पूर्वघाट चढून येते, पन्नासच्या वर बोगदे, अराकू, कोरापूट, जगदलपूर, दंतेवाडा आणि शेवटचं स्टेशन किरंदुल. एकदा तरी दिवसाच्या गाडीने हा प्रवास करा, खिडकीतून हलावंसं वाटत नाही. पण जॉइनिंगच्या तारखेला या गाडीच्या भरवशावर राहू नका. पावसाळ्यात अनंतगिरीच्या बाजूला दरड कोसळली की लाईन बंद होते, आणि आधी मालगाड्यांचा विचार होतो कारण लाईन मुळात त्यांच्यासाठीच आहे.

पहिले काही आठवडे: मेडिकल आणि ट्रेनिंग

खाणीत पाय ठेवायच्या आधी मेडिकल होतं, छातीचा एक्सरे, फुफ्फुसाची टेस्ट, कान, डोळे. त्याच्यानंतर व्होकेशनल ट्रेनिंग, सगळे व्हीटी सेंटर म्हणतात. यात काय काय शिकवतात ते मी लिहित बसत नाही, ते तुम्हाला शिकवतीलच. मी एवढंच सांगेन की मेडिकलच्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा. फिटनेसचं सर्टिफिकेट फॉर्म ओ मध्ये मिळतं, पुढे ठराविक वर्षांनी पीएमई म्हणजे परत तपासणी होते, त्याचाही कागद. वीस वर्षांनी कान कमी ऐकायला लागले किंवा दम लागायला लागला तर आज तुमचा कान आणि फुफ्फुस कसं होतं हे दाखवायला तुमच्याकडे हाच एक कागद असतो. कंत्राटी कामगारांनी तर हे दहा पट जास्त पाळा, कारण ठेकेदार बदलतो तशी फाईल पण गायब होते. त्यांनी यूएएन (पीएफचा) नंबर, गेटपास आणि दर महिन्याची वेज स्लिप यांचे फोटो काढून घरी कोणाला तरी पाठवून ठेवावे. मी कायम पोस्टवर होतो, माझ्या शेजारी तेच काम करणारी ठेक्यावरची माणसं होती, त्यांच्या आणि माझ्या पगारात आणि सोयीत जो फरक होता तो रोज डोळ्यासमोर असायचा, म्हणून हे कळकळीने सांगतोय.

वर काम कसं चालतं

थोडक्यात साखळी अशी. ड्रिल मशीन बेंचला (डोंगर कापून केलेल्या मोठ्या पायरीला) भोकं पाडते, ब्लास्टिंग होतं, शॉवेल फुटलेला दगड डंपरमध्ये भरतं, डंपर क्रशरला नेऊन ओततो, तिथून कन्व्हेअर बेल्टवरून माल डोंगर उतरून खाली स्क्रीनिंग प्लांटला येतो, लम्प (ढेकळं) आणि फाइन्स (बारीक चुरा) वेगळे होतात आणि लोडिंग प्लांटमधून रेक म्हणजे मालगाडी भरली जाते. लोखंडाचं प्रमाण ६५ टक्क्यांच्या आसपास, एवढा चांगला माल जगात थोड्याच ठिकाणी सापडतो. त्यातच ब्लू डस्ट म्हणून एक प्रकार आहे, निळसर काळी भुकटी, इतकी बारीक की बोटांच्या रेषांत जाऊन बसते.

डंपर शंभर टनाच्या आसपासचे असतात. एका डंपरचं चाक माणसापेक्षा उंच. त्याच्या ड्रायव्हरला समोरची आणि बाजूची बरीच जागा दिसतच नाही. म्हणून जीप किंवा बोलेरो घेऊन वर गेलात तर झेंडा आणि बीकन (लुकलुकणारा दिवा) लावल्याशिवाय हॉल रोडवर (डंपरच्या रस्त्यावर) जायचं नाही, डंपरच्या मागे चिकटायचं नाही, आणि ड्रायव्हरने हात दाखवल्याशिवाय त्याच्या बाजूने पुढे जायचं नाही. पायी तर अजिबात शॉर्टकट मारायचा नाही. नवीन पोरं बेंचच्या कडेला जाऊन खाली बघतात, कडेची माती कशी आणि कधी सरकेल हे वीस वर्षं काम केलेला माणूस पण सांगू शकत नाही. ब्लास्टिंगचा सायरन झाला की जिथे सांगितलंय तिथेच थांबायचं, सगळं क्लिअर झाल्याचा सायरन होईपर्यंत. आणि ब्लास्ट झाल्यावर दगडात वायर, डिटोनेटरचा तुकडा काहीही दिसला तर हात न लावता ब्लास्टरला बोलवायचं, तो शिव्या देईल पण बोलवायचं. फोटो काढणं बंद आहे, गेटवर सीआयएसएफ असते, स्टेटस टाकायच्या नादात नोकरीवर बेतू देऊ नका.

पाळ्या ए, बी, सी आणि जनरल. सी म्हणजे रात्रीची. वर जायला कंपनीची बस असते, ती चुकली की दिवस गेला समजा. सी पाळीचा खरा त्रास रात्री होत नाही, दुसऱ्या दिवशी होतो, क्वार्टर छोटं, बाहेर पोरं खेळतात, कुकरच्या शिट्ट्या, उन्हाळ्यात पत्रा किंवा स्लॅब तापलेला, झोप होत नाही. नाईटच्या आठवड्यात घरात एक खोली पूर्ण अंधार करता येईल असे जाड पडदे गावाहूनच घेऊन जा. हे ऐकायला लहान वाटतं पण अपघात झोप नसलेल्या माणसाच्या हातून होतात.

पावसाळा हा वेगळा विषय आहे

आपल्याकडे पाऊस म्हणजे दोन दिवस झड लागते आणि मग उघडतो. बैलाडिलाच्या माथ्यावर जून ते सप्टेंबर ढग खाली उतरून बसतात. धुकं इतकं की डंपरला दहा मीटरवरचं दिसत नाही आणि काम थांबवावं लागतं. वर पाऊस आणि खाली ऊन किंवा उलट, हे रोजचं. जाडजूड रेनकोट आणि पँट, दोन जोड गमबूट (एक जोड वाळतच नाही), कपडे वाळवायला पंख्याखाली दोरी, तांदूळ-डाळ ठेवायला घट्ट झाकणाचे डबे, कपाटात कडुनिंबाचा पाला. लाल माती कपड्यातून जात नाही, म्हणून कामाचे कपडे वेगळे आणि ते पोरांच्या कपड्यांसोबत धुवायचे नाहीत, धूळ घरात आणायचीच नाही. बूट दाराबाहेर.

खालच्या वस्तीत नाल्याच्या काठाची खोली भाड्याने घेत असाल तर घेण्याआधी शेजाऱ्यांना विचारा पाणी कुठपर्यंत आलं होतं. जुलै २०२४ मध्ये मुसळधार पावसात डोंगरावरचा खाणीचा बंधारा फुटला आणि चिखलपाण्याचा लोंढा किरंदुलच्या वस्तीत घुसला, घरांत गाळ भरला. क्वार्टरवाल्यांपेक्षा बाहेर राहणाऱ्या कंत्राटी लोकांना याचा फटका जास्त बसतो कारण स्वस्त खोल्या तिथेच असतात.

आणि मलेरिया. हे गमतीत घेऊ नका, बस्तरमधला मलेरिया बहुतेक फाल्सिपेरम, डोक्यात जाणारा. सरकारची मलेरियामुक्त बस्तर मोहीम २०२० पासून चालू आहे, घरोघरी रक्त तपासतात, कमी झालाय पण संपलेला नाही. मच्छरदाणी औषध लावलेली वापरा, ताप आला की क्रोसिन खाऊन दोन दिवस वाट बघत बसू नका, त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. आणि सुट्टीत गावी गेल्यावर ताप आला तर तिथल्या डॉक्टरला आवर्जून सांगा की मी बस्तरहून आलोय, नाहीतर तो व्हायरल म्हणून सोडून देतो. कंपनीचे दवाखाने किरंदुल आणि बचेली दोन्हीकडे आहेत, रोजच्या आजाराला चांगले, मोठं काही असेल तर जगदलपूर, रायपूर नाहीतर विशाखापट्टणम. बाळंतपण अडचणीचं आहे असं डॉक्टर म्हणाले तर शेवटच्या महिन्यापर्यंत थांबू नका, केशकाल घाटात ट्रक अडकला की सहा-सहा तास रस्ता बंद.

फॅमिली न्यायची की नाही

माझं मत, न्या. एकट्याने राहणारी माणसं दारूला लागतात, हे मी फार जवळून बघितलंय. ड्युटी, मेस, खोली, आणि पगार हातात, बाकी करायला काही नाही. दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं तरी चालेल पण सगळे सोबत असू द्या. क्वार्टर मिळायला वेळ लागतो, सिनियॉरिटीने मिळतं, तोपर्यंत हॉस्टेल किंवा बाहेर भाड्याने. शाळेचं टेन्शन नाही, दोन्ही गावात केंद्रीय विद्यालय आहे, किरंदुलला प्रोजेक्टची शाळा पण आहे. अडचण दहावीनंतर येते, तेव्हा क्लाससाठी पोरांना भिलाई, रायपूर, नागपूर किंवा विशाखापट्टणमला पाठवावं लागतं, त्याचा खर्च पहिल्यापासून धरून चला. महाराष्ट्रात मेडिकल-इंजिनिअरिंगला राज्याच्या कोट्यातून जायचं असेल तर पोराची दहावी-बारावी आणि डोमिसाईल याचे नियम आठवीतच बघून ठेवा, बारावी झाल्यावर बघणाऱ्यांचे हाल होतात.

बायकांचा प्रश्न मात्र खरा आहे. नवरा पाळीला जातो, पोरं शाळेत, आणि शिकलेली बाई दिवसभर घरात. बाहेर नोकऱ्या फार नाहीत. ज्यांनी बी.एड. केलंय त्यांना शाळेत जागा निघते, नर्सिंगवाल्यांना दवाखान्यात. बाकीच्यांनी शिवणकाम, ट्यूशन, काही ना काही सुरू केलं आणि त्या टिकल्या. नवऱ्याने एकट्याने निर्णय घेऊन मग बायकोला कळवायचं असं करू नका, तिला आधी एकदा घेऊन जा, आठ दिवस राहू द्या, पावसाळ्यात नेलं तर उत्तमच, मग ठरवा.

पोरांची मराठी टिकवायची असेल तर घरात ठरवून मराठीच बोला. शाळेत हिंदी-इंग्रजी, खेळायला हिंदी, बाजारात तेलुगू. आजी-आजोबांना फोन रोज, आणि दिवाळी अंक पोस्टाने मागवा.

बाजार आणि माणसं

आठवडी बाजाराला जायचंच. कंपनीच्या कॉलनीत राहून कित्येक लोक फक्त कॉलनीतल्या दुकानातून सामान आणतात आणि तीस वर्षांत शेजारच्या गावातल्या एका माणसाला नावाने ओळखत नाहीत, हे मला कधीच पटलं नाही. बाजारात चिंच, मोहाची फुलं, टोरीचं (मोहाच्या बियांचं) तेल, चारोळी, रताळी-कंद, गावठी कोंबडी, कडकनाथ, आणि पावसाच्या सुरुवातीला बोडा, म्हणजे सालाच्या झाडाखाली जमिनीत येणारी अळंबी, मटणापेक्षा महाग आणि तितकीच चवदार. लाल मुंग्यांची चटणी चापडा, आंबट-तिखट, घाबरू नका, खाऊन बघा. सल्फी, म्हणजे ताडीसारखा झाडाचा रस, झाडावरची ताजी असेल तर सकाळी गोड लागते, दुपारनंतर चढते.

भाव करताना दोन रुपयांसाठी घासाघीस करू नका. ती बाई डोक्यावर टोपली घेऊन पहाटे निघून किती किलोमीटर चालत आलीये याचा विचार करा. हलबी आपल्याला लवकर जमते, मराठी माणसाला आठ-पंधरा दिवसांत अर्धी समजायला लागते, गोंडीला मेहनत लागते. भामरागड-एटापल्लीकडची जी पोरं माडिया बोलतात त्यांना तिथे जेवढा मान आणि आपलेपणा मिळतो तेवढा आम्हाला कितीही वर्षं राहून मिळाला नाही.

या डोंगराचा इतिहास पण माहीत करून घ्या, नाहीतर युनियन ऑफिसमध्ये किंवा गावात काय बोलतायत ते कळत नाही. एप्रिल १९७८ मध्ये मशीन आल्यामुळे हजारो ठेक्याच्या मजुरांची कपात झाली, आंदोलन झालं, किरंदुलला गोळीबार झाला, माणसं मेली. जुन्या लोकांना अजून आठवतं. आजच्या दोन्ही मोठ्या युनियन, आयटकची आणि इंटकची, त्या काळापासूनच्या. कोणत्या युनियनला जायचं ते तुमचं तुम्ही ठरवा पण एका तरी युनियनचे मेंबर व्हा. जून २०१९ मध्ये हजारो आदिवासी किरंदुलच्या गेटसमोर येऊन बसले होते, डिपॉझिट १३ च्या विरोधात, कारण तो नंदराजचा डोंगर, त्यांचा देव तिथे राहतो. सरकारला काम थांबवावं लागलं आणि ग्रामसभेच्या ठरावाची चौकशी लावावी लागली. खालून वाहणारी शंखिनी नदी खाणीच्या गाळाने लाल झालेली तुम्ही रोज बघाल, त्याच नदीच्या काठावर गावं आहेत. आपल्याकडे सुरजागडला ठाकूरदेवाच्या डोंगरावर हेच चाललंय. आपण तिथे पगार घेतो, चांगलं घर घेतो, पोरं शिकवतो, हे सगळं ज्यांच्या डोंगरातून येतं त्यांना कॉलनीतली माणसं 'ये लोग' म्हणून बोलतात तेव्हा फार लागतं. तुम्ही तसं बोलू नका, तुमच्या पोरांना बोलू देऊ नका.

नक्षलवादाचं विचारलंत तर, २००६ च्या फेब्रुवारीत हिरोलीच्या स्फोटकांच्या गोदामावर हल्ला होऊन सीआयएसएफचे आठ जवान गेले, त्यानंतरची बरीच वर्षं भीतीची होती. बंदच्या आठवड्यात, म्हणजे जुलैच्या शेवटी आणि डिसेंबरच्या सुरुवातीला, पॅसेंजर गाडी दंतेवाड्यालाच थांबवायचे. गेल्या काही वर्षांत परिस्थिती पुष्कळ बदलली, रस्ते झाले. तरी अनोळखी पायवाटेने जंगलात फिरायचं नाही, रात्री मोटरसायकलवर लांब जायचं नाही, आणि चहाच्या टपरीवर पोलीस-दादा (दादा म्हणजे नक्षलवादी) या विषयावर मतं मांडायची नाहीत, समोर कोण बसलंय आणि त्याच्या घरातलं कोण गेलंय हे आपल्याला माहीत नसतं.

पैसे आणि साठीनंतरचं घर

क्वार्टर, पाणी, वीज, दवाखाना, शाळा, सगळं जवळपास फुकट, त्यामुळे पगार हातात राहतो आणि लोकांना वाटतं असंच चालणार. साठाव्या वर्षी रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागतं आणि त्या दिवशी कळतं की आपलं असं एक छप्पर पण नाही. गावाकडे घर बांधायला पहिल्या पाच-सात वर्षांतच सुरुवात करा, आधी प्लॉट, मग हळूहळू. पहिल्याच वर्षी मोठी गाडी घेऊन हप्त्यात अडकू नका, तिथे गाडी न्यायला रस्ता तरी किती आहे.

आणि खाण कायम राहील असं धरून चालू नका. कर्नाटकात कुद्रेमुखला अशीच डोंगरातली लोखंडाची खाण, अशीच सुंदर टाऊनशिप होती. सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने २००५ च्या शेवटी खाण बंद झाली आणि गाव रिकामं होत गेलं. बैलाडिलात साठा भरपूर आहे, लगेच तसं होणार नाही, पण पोराला 'बाबांच्या जागी लागशील' असं सांगत बसू नका, त्याला दुसरं काहीतरी येऊ द्या. नगरनारचा स्टील प्लांट २०२३ मध्ये सुरू झालाय, जगदलपूरजवळ, काहींची नजर तिकडे आहे.

घरच्यांना कधी बोलवायचं

आईवडिलांना उन्हाळ्यात बोलवू नका, होळीच्या आसपास बोलवा, तेव्हा दंतेवाड्याला दंतेश्वरीच्या देवळात फागुन मडई असते, गावोगावचे देव येतात. नाहीतर ऑक्टोबरात बस्तर दसरा, जगदलपूरला, पंचाहत्तर दिवसांचा, शेवटचे काही दिवस रथ ओढतात. बारसूरची जुनी देवळं आणि दोन मोठे गणपती एका दिवसात होतात. ढोलकलचा डोंगरावरचा गणपती बघायला चढावं लागतं, म्हाताऱ्यांना झेपत नाही, भावाला-मेव्हण्याला न्या, सोबत गावातला माणूस घेऊनच.

पण त्यांना खाण बघायची असेल तर एकच मोठा दिवस, १७ सप्टेंबर, विश्वकर्मा पूजा. एरवी वरचं गेट बंद असतं, त्या दिवशी घरच्यांना आणि बाहेरच्या लोकांनाही वर सोडतात, बचेलीहून डोंगरावरच्या आकाशनगरला रांगा लागतात, मशीनला हार घालतात, प्रसाद असतो, आणि पोरांना बाबा रोज कुठे जातो ते पहिल्यांदा दिसतं. सकाळी लवकर निघा, स्वेटर आणि छत्री दोन्ही घ्या, ढग असले तर काहीच दिसत नाही पण तासभर थांबलं की बहुतेक वेळा उघडतं. रायपूरहून येणाऱ्या बसचं तिकीट मात्र आधीच काढून ठेवा, त्या आठवड्यात सगळ्यांचेच पाहुणे येत असतात.